भाड्याची गाडी आणि सरकारी परवाना

परगावच्या मनुष्यास एखाद्या शहराची पहिली ओळख होते, ती तेथील देवळांवरून नव्हे, अथवा तेथील विद्वानांवरूनही नव्हे. ती होते स्टेशनाबाहेर उभ्या असलेल्या भाड्याच्या गाडीवाल्यावरून. त्याने वाजवी भाडे घेऊन इच्छित स्थळी सुखरूप पोहोचविले, तर ते शहर भल्या माणसांचे ठरते. आणि त्याने अडवणूक केली, तर त्या एका माणसाच्या दोषाने सारे गाव बदनाम होते. नाशिकसारख्या क्षेत्राच्या गावी तर ही गोष्ट विशेषच खरी आहे. नाशिकरोडचे स्टेशन आणि गोदावरीचा घाट यांच्यामध्ये सुमारे आठ-नऊ किलोमीटरांचे अंतर आहे. यात्रेकरू कितीही भाविक असला, तरी सामानसुमान, म्हातारी माणसे व मुलेबाळे घेऊन हे अंतर पायी काटणे त्यास शक्य होत नाही. भाड्याच्या गाडीवाचून त्याची गंगा घडत नाही, असे म्हटले तरी चालेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या रस्त्यावर घोड्यांनी ओढली जाणारी ट्राम सुरू झाली होती. ती 1930 नंतर लवकरच बंद पडली. टांगा मात्र ट्रामच्या आधीही होता आणि तिच्या नंतरही राहिला. पुढे टांग्याची जागा रिक्षाने घेतली. आणि गेल्या दहाबारा वर्षांत रिक्षाच्या शेजारी एक नवीच गाडी येऊन उभी राहिली. ही गाडी हाक मारून थांबत नाही. मोबाईलच्या पडद्यावर बोट ठेवले की येते. तिचे भाडे चालक सांगत नाही, पडदा सांगतो. ह्या नव्या गाडीस सरकारी नियमांच्या कक्षेत कसे आणावे, हा प्रश्न आज महाराष्ट्रापुढे आहे, आणि सिंहस्थ तोंडावर आलेला असल्यामुळे नाशिकपुढे तर तो अधिकच निकडीचा आहे. श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

प्रथम हे पाहू या की, भाड्याच्या गाडीस सरकारी परवाना लागतोच कशासाठी? किराणा मालाच्या दुकानदाराने साखरेचा दर अधिक सांगितला, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानी जाते. तेथे घासाघीस करावयास वेळ असतो, आणि माल पारखण्यास डोळेही असतात. भाड्याच्या गाडीचे तसे नाही. समजा, रात्री अकरानंतरच्या आगगाडीने एक गृहस्थ आजारी आईस घेऊन नाशिकरोडला उतरला आहे. त्यास त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयात जावयाचे आहे. बाहेर दोनच वाहने उभी आहेत. अशा वेळी त्यास घासाघीस करण्याचे स्वातंत्र्य आहे, असे म्हणणे ही केवळ थट्टा होय. चालक कोण, त्याची नजर शाबूत आहे की नाही, गाडीचे ब्रेक लागतात की नाही, ह्यांपैकी एकही गोष्ट तो पारखून घेऊ शकत नाही. तो त्या क्षणापुरता दुबळा असतो. आणि दुबळ्याच्या वतीने आधीच पारख करून ठेवणे हे राज्याचे कर्तव्य आहे. परवान्याचे मूळ ह्या कर्तव्यात आहे.

म्हणूनच ही पद्धत फार जुनी आहे. इंग्लंडात लंडनच्या भाडोत्री घोडागाड्यांसंबंधी 1654 साली वटहुकूम निघाला होता. आपल्याकडे मुंबई इलाख्यात 1863 साली भाड्याच्या गाड्यांचा कायदा झाला, आणि 1920 साली त्याच विषयावर नवा कायदा आला. मोटारी आल्यावर सबंध हिंदुस्थानासाठी 1914 साली, नंतर 1939 साली आणि अखेरीस 1988 साली मोटार वाहन कायदे झाले. ह्या साऱ्या कायद्यांचा सांगाडा एकच आहे. गाडीस क्रमांक असावा, हाकणाऱ्यास परवाना असावा, माणसे मोजकी बसवावी, भाडे आधी ठरलेले असावे, आणि रीतसर मागणी करणाऱ्या उतारूस नाकारू नये. टांगेवाल्याच्या छातीवरचा पितळी बिल्ला हे ह्या साऱ्याचे दृश्य चिन्ह होते. त्या बिल्ल्याने तीन प्रश्नांची उत्तरे मिळत: हा मनुष्य कोण, ह्याने घ्यावयाचे किती, आणि ह्याने अन्याय केल्यास दाद मागावयाची कोणाकडे. बिल्ल्यावरील आकडा ध्यानात ठेवला म्हणजे पुरे होत असे.

आता प्रामाणिकपणे हेही कबूल केले पाहिजे की, कायदा पुस्तकात जितका सुंदर होता, तितका रस्त्यावर कधीच नव्हता. नाशिककरांस हे सांगावयास नको. शालिमार, द्वारका, निमाणी, सीबीएस ह्या थांब्यांवर रिक्षात मीटर असतो. परंतु तो बहुधा शोभेपुरता असतो. शेअर रिक्षात दाटीवाटीने बसावे, अथवा स्वतंत्र रिक्षा केल्यास तोंडी ठरेल ती रक्कम द्यावी, हीच येथली वहिवाट होऊन बसली. जवळचे भाडे नाकारणे, रात्री दुप्पट मागणे, पावसात तिप्पट मागणे, हे प्रकार वर्षानुवर्षे चालत आले. तक्रार करावी तर प्रादेशिक परिवहन कार्यालय पंचवटीपलीकडे पेठ रोडला. एका दिवसाची मजुरी बुडवून पन्नास रुपयांची तक्रार नेतो कोण? तेव्हा मोबाईलवरची गाडी आली, त्या वेळी लोकांनी तिचे मनापासून स्वागत केले, ह्यात नवल नाही. बसण्यापूर्वी भाडे दिसते, चालकाचे नाव व छायाचित्र दिसते, गाडी कोठवर आली हे दिसते. घासाघीस नाही, हुज्जत नाही. सरकारी बिल्ल्याने जे वचन दिले होते, ते ह्या पडद्याने पाळून दाखविले, असे लोकांस वाटले. नियमांच्या बाजूने बोलणाऱ्याने ही गोष्ट विसरता कामा नये. नव्या कंपन्यांनी लोकांस फसवून आपल्याकडे ओढले नाही. जुन्या व्यवस्थेने त्यांस दूर लोटले.

परंतु थोडे दिवस गेले आणि ह्या नव्या गाडीचे दुसरे अंग दिसू लागले. सकाळी जे भाडे दीडशे, तेच पाऊस पडताच तीनशे होई. ते कोणी वाढविले? चालकास विचारावे तर तो म्हणे, 'साहेब, माझ्या हातात काही नाही.' आणि ते खरेच असे. चालकाने मागणी स्वीकारावी आणि नंतर फोन करून, 'रोखीने देणार का? कोठे जावयाचे?' असे विचारून ती रद्द करावी, हा त्रास उतारूंच्या नित्य परिचयाचा झाला. उलट चालकाचे म्हणणे असे की, उतारूने दिलेल्या रकमेतून कंपनी आपला भाग कापून घेते. तो भाग कधी किती, ह्याचा नेम नाही. सुरुवातीस बक्षिसांचे आमिष दाखविले, म्हणून कित्येक तरुणांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. पुढे बक्षिसे आटली, हप्ते मात्र राहिले. एखाद्या उतारूच्या तक्रारीवरून चालकाचे खाते बंद झाले, तर त्याची बाजू ऐकून घेणारा कोणी मनुष्यच समोर नसे. असे ते केवळ एक यंत्र.

ह्या सर्व तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. टांग्याच्या काळी ज्याच्या हाती लगाम, त्याच्याच छातीवर बिल्ला असे. नव्या व्यवस्थेत लगाम एकाच्या हाती आणि बिल्ला दुसऱ्याच्या छातीवर, अशी फारकत झाली. भाडे ठरवावयाचे कंपनीने, कोणता उतारू कोणत्या चालकास द्यावयाचा हे ठरवावयाचे कंपनीने, आणि चालकास कामावर ठेवावयाचे की काढावयाचे हेही ठरवावयाचे कंपनीनेच; परंतु परवाना, परमिट, विमा, गाडीची तपासणी आणि दंडाची पावती ही सारी चालकाच्या नावे! अधिकार एकाकडे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे अशी वाटणी जेथे होते, तेथे न्याय टिकत नाही. घरात हा नियम खरा आहे, शाळेत खरा आहे, राज्यकारभारात खरा आहे. आणि रस्त्यावरही तो तितकाच खरा आहे.

ह्यावर कंपन्यांचे उत्तर असे होते की, आम्ही गाड्या चालवीत नाही. आम्ही केवळ मध्यस्थ आहो. उतारू व चालक ह्यांची गाठ घालून देणारे यंत्र आमच्यापाशी आहे, एवढेच. हा युक्तिवाद नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यास सांगून पाहावा. लासलगावच्या बाजारातील अडत्या कांदा पिकवीत नाही आणि खातही नाही. तोही मध्यस्थच आहे. तथापि बाजार समितीच्या परवान्यावाचून त्यास तेथे बसता येत नाही. त्याचा काटा तपासला जातो, त्याचे हिशेब पाहिले जातात. ह्याचे कारण उघड आहे. ज्याच्या हातून दुसऱ्याचा पैसा जातो आणि ज्याच्या शब्दावर भाव ठरतो, तो मध्यस्थ अधिकच देखरेखीस पात्र असतो. केवळ मध्यस्थी करितो म्हणून कोणी कायद्याच्या बाहेर राहू शकत नाही.

बाहेरच्या जगातही हाच निर्णय झाला आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये, स्पेनमधील एका प्रकरणात, उबर ही केवळ माहितीची देवघेव करणारी संस्था नसून वाहतुकीची सेवा देणारी संस्था आहे, असे ठरविले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये, त्याच कंपनीचे चालक हे स्वतंत्र धंदेवाले नसून कामगारांच्या हक्कांस पात्र आहेत, असा निवाडा दिला. आपल्या देशात ह्या प्रश्नाकडे लक्ष वेधले गेले ते मोठ्या दुःखद प्रसंगाने. डिसेंबर 2014 मध्ये दिल्ली येथे अशा गाडीतून जाणाऱ्या एका तरुणीवर चालकाने अत्याचार केला. आणि चालकाची पूर्वपीठिका कोणी नीट पाहिलीच नव्हती, असे उघडकीस आले. बिल्ला देण्यापूर्वी पोलिसांकडून चौकशी करण्याचा जुना नियम किती शहाणपणाचा होता, हे तेव्हा साऱ्यांस उमगले.

1988 च्या मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली, आणि अशा कंपनीची व्याख्या प्रथमच कायद्यात आली. सरकारी मराठीत तिला 'समुच्चयक' म्हणतात. लोक 'ॲग्रीगेटर' म्हणतात. उतारू व चालक ह्यांची गाठ घालून देणारा अंकीय मध्यस्थ अथवा बाजार, असा तिचा सारांश आहे. राज्य सरकारच्या परवान्याशिवाय हा धंदा करता येणार नाही, असे कलम 93 मध्ये स्पष्ट झाले. आणि परवान्यावाचून केल्यास पंचवीस हजारांपासून एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला गेला. म्हणजे कंपनी मध्यस्थ आहे हे कायद्याने मान्य केले. परंतु मध्यस्थ आहे म्हणूनच तिने परवाना घ्यावा, असे बजाविले. नोव्हेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने राज्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. चालकास भाड्याचा किमान ऐंशी टक्के भाग मिळावा, त्याने दिवसात बारा तासांहून अधिक काळ गाडीवर राहू नये, त्याचा पाच लाखांचा आरोग्यविमा व दहा लाखांचा आयुर्विमा असावा, अशी कलमे त्यांत होती.

महाराष्ट्राची वाटचाल मात्र सरळ झाली नाही. राज्याने 2017 सालीच शहरी टॅक्सींचे नियम केले होते. त्यांस कंपन्यांनी हरकत घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेले. मार्च 2022 मध्ये, उतारूंच्या तक्रारींस दाद मिळत नाही अशा आशयाच्या एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, परवान्यावाचून गाड्या चालविणे हे बेकायदेशीर आहे. कंपन्यांनी 16 मार्चपर्यंत अर्ज करावेत. एकदम सारे बंद केल्यास लोकांचीच गैरसोय होईल, हेही न्यायालयाने ध्यानात घेतले. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे' स्थिती राखण्यास सांगितले. जानेवारी 2023 मध्ये दुचाकी टॅक्सीचा प्रश्न आला. खासगी क्रमांकाच्या दुचाकींवरून भाड्याने उतारू नेण्यास राज्याने मनाई केली, आणि रॅपिडो ह्या कंपनीस पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा दिला नाही. मार्च 2024 मध्ये पुण्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने दोन मोठ्या कंपन्यांचे चारचाकी गाड्यांसंबंधीचे अर्ज नाकारले. एवढे होऊनही रस्त्यांवर गाड्या धावतच राहिल्या. परवाना नाही, परंतु गाडी आहे. बंदी आहे, परंतु उतारूही आहेत. असा हा चमत्कारिक काळ होता. कायदा आहे आणि नाही, अशा संधिप्रकाशात कोणाचेच कल्याण होत नसते. अशा वेळी कंपनी सुटून जाते, आणि चौकात शिपायाच्या हाती सापडतो तो चालक.

अखेरीस मे 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने अशा कंपन्यांसाठी धोरण जाहीर केले. आणि त्यापुढे ऑक्टोबर 2025 मध्ये नियमांचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी प्रसिद्ध केला. धोरणातील मुख्य कलमे उदाहरणाने समजून घेणे सोपे पडेल. समजा, एका फेरीचे सरकारने ठरविलेले मूळ भाडे शंभर रुपये आहे. गर्दीच्या वेळी कंपनीस ते दीडपटीपर्यंत, म्हणजे दीडशेपर्यंत वाढविता येईल. त्याहून पुढे नाही. मंदीच्या वेळी पंचवीस टक्के सवलत देता येईल, म्हणजे पंचाहत्तरच्या खाली भाडे उतरविता येणार नाही. वरची मर्यादा उतारूच्या रक्षणासाठी आहे, हे सर्वांस कळते. परंतु खालची मर्यादा चालकाच्या रक्षणासाठी आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. दोन कंपन्यांच्या चढाओढीत स्वस्ताईचा डंका वाजतो, तेव्हा तो बहुधा चालकाच्या पोटावर वाजत असतो. शंभरांपैकी ऐंशी रुपये तरी चालकास मिळावे, असेही धोरण सांगते. चालकाने मागणी स्वीकारून विनाकारण रद्द केल्यास भाड्याच्या दहा टक्के अथवा शंभर रुपये, ह्यांत जी रक्कम कमी असेल ती त्याने उतारूस द्यावी. उतारूने रद्द केल्यास पाच टक्के अथवा पन्नास रुपये, ह्यांत जी कमी ती चालकास मिळावी. दोन्ही पक्षांस शब्दाचे बंधन घालणारी ही तजवीज न्यायाची आहे.

येथे केंद्राचे व राज्याचे मत थोडे वेगळे आहे, हेही सांगितले पाहिजे. जुलै 2025 च्या सुधारित केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत गर्दीच्या वेळी दुप्पट भाड्यापर्यंत मुभा आहे. महाराष्ट्राच्या धोरणात ती दीडपटीवर थांबते. ह्यावर अर्थशास्त्र जाणणारे असा आक्षेप घेतात की, भर पावसात भाडे वाढले नाही तर चालक घरीच बसेल आणि कोणासच गाडी मिळणार नाही. आक्षेप खोटा नाही. अडचणीच्या वेळी बाहेर पडणाऱ्यास थोडे अधिक मिळाले, तर त्यात अन्याय नाही. परंतु अधिक म्हणजे किती, हे ज्यास लाभ होणार त्यानेच एकट्याने ठरवावे, हे मात्र अन्यायाचे आहे. मर्यादा दीडपट असावी की दुप्पट, ह्यावर वाद होऊ शकेल. मर्यादा असावी की नसावी, ह्यावर वाद असू नये.

परंतु चतुर धंदेवाला नियमाच्या शब्दात राहून त्याच्या हेतूला बगल देतो, हा जुना अनुभव आहे. चालकास ऐंशी टक्के द्या, असे म्हणताच रिक्षांच्या बाबतीत टक्केवारी सोडून चालकाकडून रोजची अथवा ठराविक मुदतीची वर्गणी घेण्याची पद्धत कंपन्यांत रूढ होऊ लागली. वरवर पाहता ती चालकाच्या हिताची दिसते; भाड्याची सारी रक्कम त्याच्याच खिशात राहते. किंबहुना कित्येक चालकांस ती आवडतेही. तथापि वर्गणी आधी भरावयाची आणि उतारू मिळो न मिळो, तिचा भार चालकाने सोसावयाचा. शिवाय भाड्याचा व्यवहार आता चालक व उतारू ह्यांच्यामधला, आमचा त्याच्याशी संबंध नाही, असे म्हणून हात झटकण्यास कंपनीस पुन्हा वाट मोकळी होते. म्हणून टक्केवारी असो वा वर्गणी असो, लगाम ज्याच्या हाती आहे त्याची जबाबदारी सुटता कामा नये, हे सूत्र नियमांत स्पष्ट असले पाहिजे.

चालकाच्या बाजूनेही दोन शब्द बोलणे अवश्य आहे. कारण ह्या विषयावर बोलणारे बहुतेक लोक मागच्या बाकावर बसणारे असतात. जुलै 2025 मध्ये मुंबई, पुणे आदी ठिकाणच्या चालकांनी गाड्या बंद ठेवल्या आणि आझाद मैदानावर धरणे धरले. सरकारने टॅक्सीस जो दर ठरवून दिला आहे, तोच आम्हांस मिळावा, ही त्यांची मुख्य मागणी होती. ही मागणी दानाची नव्हे. कायद्याने जे आधीच द्यावयास हवे होते, त्याचीच आठवण होती. सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. तिच्यान्वये अशा कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या कल्याणनिधीस द्यावयाची आहे. मात्र ती कामगारांस दिलेल्या वा देय रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक असू नये. म्हातारपण, आजारपण आणि अपघात हे चालकाच्याही वाट्यास येतात, हे कायद्याने मान्य केले. आता ती रक्कम खरोखर चालकाच्या घरापर्यंत पोहोचते की नाही, हे पाहिले पाहिजे.

दुसरीकडे रिक्षावाल्याचेही एक रास्त गाऱ्हाणे आहे. तो म्हणतो, परमिट मी काढले, बिल्ला मी घेतला, गाडीची तपासणी मी करवून घेतली. आणि शेजारी खासगी क्रमांकाची दुचाकी येऊन माझे भाडे घेऊन जाते, हा कोठला न्याय? हे गाऱ्हाणे दूर करण्यासाठी विजेवर चालणाऱ्या दुचाकी टॅक्सींचे स्वतंत्र नियम राज्याने जुलै 2025 मध्ये केले. एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी ते आहेत. 2011 च्या शिरगणतीत नाशिक शहराची वस्ती सुमारे चौदा लाख शहाऐंशी हजार होती. तेव्हा नाशिक त्यांत येते, हे उघड आहे. परंतु रिक्षावाल्यानेही ध्यानात ठेवावे की, दुसऱ्यास नियम लावा अशी मागणी करणाराने आपला मीटर आधी सुरू केला पाहिजे. नियम हा दुधारी असतो. तो केवळ प्रतिस्पर्ध्यासाठी मागता येत नाही.

आता सिंहस्थाकडे वळू. 31 ऑक्टोबर 2026 रोजी रामकुंडावर ध्वजारोहण, आणि 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट व 11 सप्टेंबर 2027 ह्या दिवशी नाशिक येथील अमृतस्नाने, असा कार्यक्रम जाहीर झाला आहे. त्र्यंबकेश्वरचे तिसरे स्नान 12 सप्टेंबरला आहे. त्या दिवसांत ज्यांस मराठी येत नाही, ज्यांस वाटा ठाऊक नाहीत, आणि ज्यांच्या हाती कदाचित साधाच मोबाईल आहे, असे यात्रेकरू लाखांच्या संख्येने नाशिकरोडला उतरतील. 'मागणी वाढली, भाडे वाढले' हा यंत्राचा साधा हिशेब त्या दिवशी कोठवर जाऊन पोहोचेल, ह्याचा विचार आजच केला पाहिजे. गर्दी ओसरल्यावर दंड करून यात्रेकरूचे पैसे परत मिळत नसतात. तो तोवर आपल्या गावी गेलेला असतो, आणि नाशिकचे नाव तेवढे घेऊन गेलेला असतो.

ह्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. जिल्हाधिकारी ज्याचे अध्यक्ष असतात त्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने नाशिकचे दर ठरवून ते मराठीत व हिंदीत मोठ्या अक्षरांत स्टेशनावर, बसस्थानकांवर व घाटाच्या वाटांवर लावावेत. मोबाईलवरची गाडी असो, रिक्षा असो वा काळीपिवळी असो, तिन्हींचे मूळ भाडे त्याच फलकावर असावे. कंपनीस परवाना देताना, तक्रार ऐकणारा तिचा अधिकारी नाशिकमध्येच बसेल आणि तो यंत्र नसून मनुष्य असेल, अशी अट घालावी. चालकाचे खाते बंद करण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक असावे. आणि ज्या कंपनीकडे परवाना नाही तिच्या चालकास दंड करण्यापूर्वी, त्या कंपनीस दंड करावा. शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे, आणि म्हणूनच ती सर्वांत महत्त्वाची आहे.

परवान्यांच्या राज्याने धंदे बुडतात आणि लाचखोरी वाढते, असे कोणी म्हणेल. वाईट रीतीने दिलेल्या परवान्याने तसे होते, ह्यात संशय नाही. ज्या कचेरीत कागदाला पाय फुटण्यासाठी खिशात हात घालावा लागतो, तेथला बिल्ला पितळेचा असला तरी त्याची किंमत मातीची होते. परंतु ह्यावर उपाय परवाना स्वच्छ करणे हा आहे. परवानाच टाकून देणे हा नव्हे. भिंग मळले म्हणून कोणी डोळे फोडून घेत नाही.

तात्पर्य, टांगा गेला, रिक्षा आली; रिक्षाच्या शेजारी मोबाईलवरची गाडी आली; उद्या चालकावाचून चालणारी गाडीही येईल. वाहने बदलतील, परंतु रात्री अपरात्री स्टेशनावर उतरलेला, आजारी आईचा हात धरून उभा राहिलेला तो गृहस्थ बदलणार नाही. त्याचे तीन प्रश्नही तेच राहतील: हा कोण, ह्याने घ्यावयाचे किती, आणि अन्याय झाल्यास जावयाचे कोणाकडे. ह्या तिन्हींची उत्तरे त्यास गाडीत बसण्यापूर्वी मिळाली, तर त्या नगराचा कारभार नीट चालला आहे, असे समजावे. आणि ती मिळावयाची असतील, तर पितळेचा तो जुना बिल्ला आता केवळ चालकाच्या छातीवर ठेवून भागणार नाही. ज्याच्या हाती लगाम, त्याच्याच छातीवर तो लावला पाहिजे.